पाचव्या ओळीखालचे तालुके

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

हल्ली आपल्या महाविद्यालयात पडद्यावाचून एकही कार्यक्रम होत नाही. चर्चासत्र असो, फील्ड प्रोजेक्टचे सादरीकरण असो, नाहीतर राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचा अहवाल असो. प्रथम दिवे मालवले जातात, मग प्रोजेक्टरचा निळा चौकोन भिंतीवर उमटतो आणि वक्ता श्रोत्यांकडे पाठ करून भिंत वाचू लागतो. त्याविषयी माझे काही म्हणणे नाही. फळा आणि खडू यांच्याविषयी हळहळण्याचे माझे वय नाही. माझे म्हणणे एका अगदी लहान गोष्टीविषयी आहे. इतक्या लहान की तिच्यावर लेख लिहावा की नाही असा संकोच वाटतो. संगणकावरील डॅशबोर्डमधला लांबलचक तक्ता जेव्हा स्लाइडवर आणला जातो, तेव्हा त्याचे काय होते? तो अर्धा होतो, आणि अर्धा झाल्याचे सभागृहात कोणालाच कळत नाही.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. डॅशबोर्ड म्हणजे एकाच पानावर मांडलेली आकड्यांची आरास. वर चार मोठे आकडे, डावीकडे नकाशा, उजवीकडे रंगीत खांब, आणि खाली कोपऱ्यात उरलेल्या जागेत तक्ता. पाऊस, नळजोडण्या, शाळांची पटसंख्या, रोजगार हमीची कामे, सगळ्यांचे आता असे डॅशबोर्ड झाले आहेत. संगणकावर बसलेला माणूस त्या तक्त्यावर माऊसचे चाक फिरवतो आणि खालच्या ओळी वर येतात. म्हणजे तक्ता दहा ओळींचा असो की दहा हजार, त्याची चौकट तेवढीच राहते. एखाद्या खिडकीतून रस्त्यावरची मिरवणूक पाहावी तसे. मग साहेबांना किंवा सरांना 'पीपीटी' हवी असते. पॉवर बीआयसारख्या प्रणालीत त्यासाठी एक आयती सोय आहे : एक्सपोर्ट, पॉवरपॉइंट. डॅशबोर्डच्या प्रत्येक पानाची एकेक स्लाइड तयार होऊन येते. पण स्लाइडवर येते ते त्या पानाचे छायाचित्र. मिरवणुकीचा फोटो काढला की जे खिडकीसमोर होते तेवढेच फोटोत येणार. बाकीचे अजून रस्त्यात आहेत हे फोटो सांगत नाही.

यात मोठेसे काय बिघडले, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर मला सांगली जिल्ह्याच्या तालुक्यांच्या यादीने दिले. जिल्ह्यात दहा तालुके. डॅशबोर्डवर ही यादी बहुधा इंग्रजी अक्षरक्रमाने लागते. समजा, चौकटीत पाच ओळी मावतात. तर दिसणारे पाच तालुके असे : आटपाडी, जत, कडेगाव, कवठेमहांकाळ, खानापूर. न दिसणारे पाच : मिरज, पलूस, शिराळा, तासगाव, वाळवा. सांगलीच्या माणसाला ही दोन नावांची माळ वाचताच काय झाले ते कळेल. वरचे पाचही तालुके अवर्षणाचे, टँकरचे. आणि २०१९ च्या महापुरात जे चार तालुके बुडाले ते मिरज, पलूस, शिराळा आणि वाळवा हे चारही खालच्या, कापल्या गेलेल्या पाचांत. मी ही यादी देवनागरी अक्षरक्रमानेही लावून पाहिली. क्रम थोडा बदलतो : आटपाडी, कडेगाव, कवठेमहांकाळ, खानापूर, जत. पण तालुके तेच पाच! म्हणजे भाषा कोणतीही घ्या, पाच ओळींच्या स्लाइडवर सांगली हा निव्वळ दुष्काळी जिल्हा आहे. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, हे त्या स्लाइडला ठाऊकच नाही. ८ ऑगस्ट २०१९ ला जिथे माणसांनी भरलेली बोट उलटली ते ब्रह्मनाळ पलूस तालुक्यात आहे. तोही पाचव्या ओळीखाली.

सातारा जिल्ह्याचे याहून निराळे नाही. अकरा तालुके. इंग्रजी क्रमाने पहिले पाच जावळी, कराड, खंडाळा, खटाव, कोरेगाव. आणि मराठी क्रमानेही पुढेमागे होऊन हेच पाच. मग खाली कोण राहिले? महाबळेश्वर, जिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आणि माण, जिथे तो पाचशेच्या आतबाहेर रेंगाळतो. जिल्ह्यातील सर्वांत ओला आणि सर्वांत कोरडा असे दोन्ही तालुके एकाच कात्रीत गेले. पाटणही गेला, म्हणजे १०५ टीएमसीचे कोयना धरण गेले. वाई गेली, म्हणजे धोम धरण गेले.

आता हे दोन तक्ते शेजारी ठेवा. हे दोन जिल्हे मुळात एकच. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले. कागदावर रेघ पडली, पण पाणी ती रेघ मानत नाही. महाबळेश्वरचा पाऊस कृष्णेत आणि पाटणचा पाऊस कोयनेत पडतो, दोघी कराडला मिळतात आणि पुढे सांगलीला येतात. पावसाळ्यात सांगलीतला माणूस आपल्या आकाशाकडे न पाहता कोयनेतून किती क्युसेक सोडले ते आधी विचारतो. उलट दिशेनेही तेच. टेंभू हे गाव कराड तालुक्यात. तिथे उचललेले पाणी कडेगाव, खानापूर, आटपाडीला जाते. म्हैसाळ मिरज तालुक्यात. तिथले पाणी कवठेमहांकाळ आणि जतेकडे चढते. तेव्हा तक्त्यातील एका ओळीचे सुखदुःख दुसऱ्या ओळीत सापडते. वरच्या पाच ओळींतील दुष्काळाला पाणी कुठून द्यायचे याचे उत्तर खालच्या पाच ओळींत आहे, आणि त्या ओळी स्लाइडवर नाहीत.

मी पलूस तालुक्यातली, शिकते साताऱ्यात. त्यामुळे दोन्ही याद्यांकडे माझे लक्ष जाते. गेल्या वर्षी प्रकल्पाच्या निमित्ताने आम्ही काही विद्यार्थी एका कार्यालयातील बैठकीला मागच्या बाकांवर बसलो होतो. पडद्यावर तालुकावार तक्ता आला. पाच ओळी, अक्षरे स्वच्छ, रंग सुरेख. पुढच्या रांगेत बसलेले एक वयस्क शेतकरी चष्मा सारखा करीत म्हणाले, "आमचा पलूस कुठं हाय ह्यात?"

"खाली आहे, आबा," संगणकावरचा मुलगा म्हणाला.

"मग खाली घ्या की."

"ते खाली घेता येत नाही. फोटो आहे तो."

आबा गप्प बसले. सभागृहात थोडे हसू झाले आणि पुढची स्लाइड आली. त्या मुलाचा यात दोष होता असे मला वाटत नाही. त्याने पलूस काढून टाकला नव्हता. त्याच्या संगणकात पलूस होताच. कोणीच काढला नाही आणि तरीही तो नव्हता, हीच मला या प्रकारातील सर्वांत चमत्कारिक गोष्ट वाटते. एखाद्या कारकुनाने यादीतून गाव मुद्दाम वगळले तर त्याला जाब विचारता येतो. इथे जाब कोणाला विचारणार? चौकटीच्या उंचीला?

या तक्त्यांत आणखी एक खुबी आहे. पॉवर बीआयच्या तक्त्यात 'एकूण'ची ओळ तळाशी पक्की बसवलेली असते. मधल्या ओळी वरखाली सरकल्या तरी ती हलत नाही. त्यामुळे छायाचित्रात पाच तालुके येतात आणि त्यांच्या लगेच खाली एकूण मात्र दहा तालुक्यांचे येते. लोकसंख्येचा तक्ता असेल तर तळाशी २०११ च्या जनगणनेप्रमाणे २८,२२,१४३ हा साऱ्या सांगली जिल्ह्याचा आकडा आणि वर पाचच तालुके. बेरीज करून पाहणाऱ्याला ती जुळणार नाही. पण पडद्यावरची बेरीज करून पाहतो कोण? उलट 'एकूण' दिसले की तक्ता पूर्ण आहे अशी मनाची खात्री पटते. अपुऱ्या तक्त्याला पूर्णतेचा शिक्का मिळतो तो असा.

वाणिज्य शाखेची मैत्रीण मला म्हणाली, आमच्या कीर्द-खतावणीत असे होऊच शकत नाही. पान संपले की तळाशी 'बाकी पुढे नेली' लिहायचे आणि नव्या पानाच्या माथ्यावर 'बाकी पुढे आणली'. एक पान फाटले तर लगेच कळते, कारण नेलेली बाकी कुठे आणलेलीच नसते. मला हे फार आवडले. हिशेब लिहिणाऱ्या आपल्या लोकांना लांब तक्त्याचा धर्म ठाऊक होता : तक्ता पानापेक्षा मोठा असणारच, तेव्हा पान जिथे संपते तिथे तसे कबूल करायचे.

छापील पुस्तकांनीही हा धर्म पाळला. गोखले संस्थेने १९४० साली वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाच्या पाहणीचे पुस्तक प्रसिद्ध केले. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांत गावोगावची माहिती छापलेली असते. एकेका गावाची एकेक ओळ, पानामागून पान. वाचायला कंटाळवाणे, हे मान्य. पण त्या पुस्तिकेत आपले गाव सापडले नाही असे होत नाही. आणि ज्याला आपले गाव पाहायचे आहे त्याला बाकीची शेकडो गावे कंटाळवाणी वाटत नाहीत. आमच्याकडे साखर कारखान्याच्या शेतकी कार्यालयात ऊसनोंदीची यादी लागते तेव्हा माझे वडील पहिल्या नावापासून बोट फिरवत खाली येतात. आमच्या घरात पुस्तक उघडून वाचत बसण्याची सवय माझ्यापासून सुरू झाली. परंतु लांब यादी कशी वाचायची ते मी वडिलांकडूनच शिकले. नाव सापडेपर्यंत वाचायची, आणि सापडले की वरचे आणि खालचे कोण तेही पाहून ठेवायचे.

हे आपल्याकडचेच रडगाणे आहे असे कोणी समजू नये. इंग्लंडमध्ये २०२० च्या शरदात करोनाच्या तपासण्यांचे निकाल एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फायलीत भरले जात होते. त्या फायलीत ६५,५३६ ओळी मावतात. पुढच्या ओळी मावल्या नाहीत आणि निमूट गळून गेल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या दिवसांतले १५,८४१ रुग्ण अशा रीतीने आकडेवारीबाहेर राहिले, आणि त्यांच्या संपर्कातील माणसांचा शोध तेवढ्या दिवसांनी लांबला. आपली पाच ओळींची चौकट आणि त्यांची पासष्ट हजार ओळींची चौकट यांत जातीचा फरक नाही. दोन्ही ठिकाणी तक्ता संपला नाही, जागा संपली, आणि जागा संपल्याचे कोणी बोलले नाही.

यावर उतारा म्हणून आपले काही विद्यार्थी उलट टोकाला जातात. सगळ्या ओळी एकाच स्लाइडवर कोंबतात. अक्षर मुंगीएवढे होते आणि वक्ता म्हणतो, "हे मागच्यांना दिसत नसेल, पण..." दिसत नसेल तर दाखवता कशाला, असे विचारावेसे वाटते, विचारत नाही, कारण वक्ता बहुधा वर्गमित्रच असतो. बारीक अक्षर हीसुद्धा एक कात्रीच आहे. १ फेब्रुवारी २००३ ला कोलंबिया यान कोसळले, कल्पना चावला ज्यात होत्या ते. उड्डाणाच्या वेळी सुटलेला फोमचा तुकडा यानाच्या पंखावर आदळला होता आणि त्याने कितपत इजा झाली असेल यावर यान आकाशात असतानाच अभियंत्यांनी स्लाइडी दाखवल्या होत्या. त्यांतील एका स्लाइडीच्या तळाच्या ओळीत, बारीक अक्षरांत, असे होते की प्रत्यक्ष तुकडा १,९२० घन इंचांचा आणि चाचण्यांतला ३ घन इंचांचा. म्हणजे ज्या चाचण्यांच्या भरवशावर चर्चा चालली होती त्या या प्रसंगाला लागूच नव्हत्या. एडवर्ड टफ्टी या संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांनी ही स्लाइड उलगडून दाखवली आणि अपघाताच्या चौकशी मंडळाने २००३ च्या आपल्या अहवालात तिची दखल घेतली. स्लाइडीमुळे यान पडले असे कोणी म्हटलेले नाही, मीही म्हणत नाही. पण ज्या ओळीवर सर्वांनी थांबायला हवे होते ती पडद्यावर असून नसल्यासारखी होती.

आमचे एक सर माझे हे म्हणणे ऐकून म्हणाले, "स्लाइड ही सार सांगण्यासाठी असते. तक्ता वाचायचा तर घरी वाचावा." सरांचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे. हिशेबच करून पाहू. पॉवरपॉइंटच्या नेहमीच्या रुंद स्लाइडीची उंची साडेसात इंच. १८ पॉइंटच्या अक्षरात तक्त्याच्या एका ओळीला सुमारे ०.४ इंच लागतात. शीर्षकाची जागा सोडली तर बारा ओळी सुखाने मावतात. सातारा जिल्ह्यात सतराशेहून अधिक गावे आहेत. म्हणजे गाववार तक्ता दाखवायचा तर १४२ स्लाइडी. एकेका स्लाइडीला अर्धे मिनिट दिले तरी सव्वा तास होऊन जाईल, आणि सभागृहात वक्त्याखेरीज कोणी उरणार नाही. तेव्हा गाववार तक्ता पडद्यावर नको, हे कबूल.

परंतु याच हिशेबाची दुसरी बाजू पाहा. बारा ओळी मावतात तर सांगलीचे दहा तालुके मावतात आणि साताऱ्याचे अकराही मावतात. ते मावत नाहीत याचे कारण स्लाइड लहान आहे हे नाही. नकाशा, खांब आणि मोठमोठे आकडे यांनी जागा आधीच बळकावलेली असते आणि तक्ता उंबऱ्याशी बसलेला असतो, हे खरे कारण आहे. त्याला एक पान स्वतंत्र दिले, एक्सपोर्ट करण्यापूर्वी त्याची चौकट शेवटच्या ओळीपर्यंत ताणली, की काम झाले. पाच मिनिटांचे काम. ज्यांचा तक्ता खरोखर लांब आहे त्यांच्यासाठी पानापानांनी छापणारे वेगळे अहवाल त्याच प्रणालीत करता येतात. त्यात प्रत्येक पानावर रकान्यांची नावे पुन्हा येतात आणि शेवटची ओळ येईपर्यंत पाने पडत राहतात. अगदी जनगणनेच्या पुस्तिकेसारखी. किंवा तक्ता एक्सेलमध्ये उतरवून छापावा आणि वाटावा. मात्र उतरवून घेतानाही ओळी मोजाव्यात, कारण तिथेही मर्यादा असतात. पॉवर बीआयच्या तक्त्यातून साध्या सीएसव्ही फायलीत ३०,००० ओळींच्या पुढे उतरत नाही.

सरांच्या 'सार' या शब्दाविषयीही थोडे बोलले पाहिजे. सार म्हणून सरासरी दाखवायची म्हटली तर सातारा जिल्ह्याची पर्जन्याची सरासरी ना महाबळेश्वरची ना माणची. ती कोणत्याही शेतावर पडत नाही. सार म्हणून पहिले पाच दाखवायचे तर 'पहिले' कशात, हे स्लाइडवर लिहायला हवे. पावसाच्या उतरत्या क्रमाने लावले तर दहिवडीचा शेतकरी गळतो, चढत्या क्रमाने लावले तर कोयनानगरचा पाऊस गळतो. काहीतरी गळणारच, सार काढणे म्हणजे गाळणेच. पण काय गाळले ते सांगून गाळणे हे विचाराचे काम आहे, आणि अक्षरक्रमाला व चौकटीला जे गाळू द्यायचे ते गाळू देणे हा आळस आहे. या दोहोंना एकच नाव देऊ नये, एवढेच माझे सरांना नम्रपणे सांगणे आहे. (सरांनी हा लेख वाचून दोन ठिकाणचे शुद्धलेखन दुरुस्त केले; मताला हात लावला नाही.)

येत्या सत्रात आपल्या फील्ड प्रोजेक्टची सादरीकरणे होतील. त्यासाठी नियमावली वगैरे करावी असे मी सुचवत नाही. आपल्याकडे नियमावल्या पुष्कळ आहेत आणि त्या सूचनाफलकाच्या काचेमागे पिवळ्या पडतात. परंतु तक्त्याच्या प्रत्येक स्लाइडीखाली एक ओळ लिहायला काय हरकत आहे : 'एकूण ओळी १०, येथे दाखवलेल्या ५, क्रम अमुक.' ही ओळ लिहू लागलो की पुष्कळांना ती लिहिताना लाज वाटेल आणि ते उरलेल्या पाच ओळीही घालतील असा माझा अंदाज आहे. आणि पूर्ण तक्ता कागदावर छापून ग्रंथालयात ठेवावा. वर्तमानपत्रांच्या टेबलाशेजारी जुन्या नियतकालिकांचा एक कप्पा गेले वर्षभर रिकामा आहे. मी ग्रंथपालांना विचारले, ते म्हणाले, फाईल आणा, ठेवून घेतो.